बीड रस्ता आणि विमान : चिकलठाणा अपघाताच्या निमित्ताने टक्करप्रतिबंधाचा ऐतिहासिक विचार

विषयप्रवेश

बीड जिल्ह्यात नियमित प्रवासी सेवेचा विमानतळ नाही. तरीही भारतीय विमान अपघातांच्या इतिहासात बीडचे नाव कोरले गेले आहे, ते एका रस्त्यामुळे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावर घडलेल्या अपघाताच्या चौकशीत 'बीड रस्ता' हा शब्दप्रयोग थेट संभाव्य कारणांमध्ये येतो. प्रस्तुत लेखात या घटनेच्या आधारे विमानांच्या टक्करप्रतिबंधक व्यवस्थेची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हा अपघात उड्डाणाच्या वेळचा आहे, अवतरणाच्या वेळचा नव्हे. परंतु धावपट्टीलगतच्या अल्प उंचीवरील धोका दोन्ही वेळी एकाच जातीचा असतो, हे पुढे स्पष्ट होईल.

घटना

इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे ४९१ क्रमांकाचे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूरमार्गे औरंगाबादला आले होते व मुंबईस निघाले होते. विमानात ११२ प्रवासी व ६ कर्मचारी होते. एप्रिलची दुपार होती. मराठवाड्यातील उन्हाळ्याची हवा विरळ होते आणि अशा हवेत भरलेल्या विमानास जमीन सोडण्यास अधिक धाव लागते. विमानाने धावपट्टीच्या जवळजवळ शेवटच्या टोकाशी जमीन सोडली. त्याच वेळी टोकापलीकडच्या सार्वजनिक रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे जात होता. विमानाचे डावे चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग या ट्रकवर आदळला. जखमी विमान पुढे सुमारे ३ किलोमीटरवर उच्चदाब विद्युत वाहिनीला धडकून कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ जण वाचले.

चौकशीने दोन संभाव्य कारणे नोंदविली. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले. दुसरे, राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन केले नाही. लोकस्मृतीत मात्र 'ट्रकने पाडलेले विमान' एवढेच उरते. प्रस्तुत लेखकास हा स्मृतिभ्रंश अन्यायकारक वाटतो. कारण या संभाव्य कारणांत ट्रकचालकाचा दोष नोंदलेला नाही. तो सार्वजनिक रस्त्यावरून चालला होता. रेल्वे जेथे रस्ता ओलांडते तेथे फाटक असते, ही गोष्ट आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. जिब्राल्टर येथे तर मुख्य रस्ता धावपट्टीलाच छेदून जात असे आणि विमान येताना रहदारी रोखून धरली जाई. मार्च २०२३ मध्ये बोगदा खुला झाल्यावर तेथील वाहनांची वर्दळ हटली.

यंत्र काय पाहते?

पुढे तीनच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, हरियाणातील चरखी दादरी येथे दिल्लीहून वर चढणारे सौदी विमान व दिल्लीत उतरण्यासाठी खाली येणारे कझाक विमान यांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण ठार झाले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर विमानांत टक्करप्रतिबंधक यंत्रणा, म्हणजे 'टीकॅस', सक्तीची करण्यात आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले. हे यंत्र आसपासच्या विमानांतील ट्रान्सपाँडरला संदेश विचारते, उत्तरावरून अंतर व उंची मोजते, आणि टक्कर काही सेकंदांवर आली की एका वैमानिकास 'वर जा' व दुसऱ्यास 'खाली जा' असा आदेश देते. १ जुलै २००२ रोजी युबरलिंगेन (जर्मनी) येथे एका वैमानिकाने यंत्राचे ऐकले, दुसऱ्याने जमिनीवरील नियंत्रकाचे. ७१ बळी गेले. यंत्र असूनही आज्ञा कोणाची मानावी, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक बाब निराळीच आहे. जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली ही यंत्रणा बचावाचे आदेश देणे बंद करते, कारण तेथे 'खाली जा' म्हणणेच घातक ठरेल. अवतरणाचा अखेरचा टप्पा अशा रीतीने यंत्राच्या कक्षेबाहेर राहतो. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान धावपट्टी सोडून वर उठत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून दुसरे विमान उतरले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. तेथे अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रण कक्षातील माणसाचीच होती. कापसाच्या ट्रकवर तर ट्रान्सपाँडर नसतोच.

रस्ता हा अडथळा

विमान कायदा १९३४ मधील कलम ९अ अन्वये विमानतळालगतच्या इमारती व झाडे यांवर निर्बंध घालता येत असत. चालते वाहन हे इमारतही नाही, झाडही नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत मात्र स्थिर वस्तूंबरोबर चल वस्तूही 'अडथळा' ठरतात. अमेरिकी नियम याहून नेमके आहेत : विमानतळाजवळील साधा सार्वजनिक रस्ता १५ फूट, आंतरराज्य महामार्ग १७ फूट आणि रेल्वेमार्ग २३ फूट उंच आहे असे गृहीत धरूनच विमानाचा मार्ग मोजला जातो, त्या क्षणी तेथे वाहन असो वा नसो. चिकलठाण्यास विमान ट्रकला ज्या उंचीवर आदळले, ती रस्त्याच्या पातळीपासून सुमारे ७ फूट होती.