दिवा लागतो, विझतो : यवतमाळ जिल्ह्यातील मोटारदुरुस्तीची बदलती पारख

मीटरवरचा दिवा मध्येच लागला आणि आपोआप विझला, तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी की नाही, हा प्रश्न मोटारीपेक्षा बराच नंतरचा आहे. आधीच्या यंत्रांना असे दिवेच नव्हते. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज मार्गावर, म्हणजे लोकांच्या ‘शकुंतले’वर, 1921 मध्ये मँचेस्टरला तयार झालेले झेडडी वर्गाचे इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत होते. वाफेच्या इंजिनात चालकासमोर दाबाचा काटा आणि बॉयलरमधले पाणी दाखवणारी काचेची नळी असे. त्यांच्याकडे दुर्लक्ष झालेच, तर भट्टीच्या छतात बसवलेले बूच शेवटची सूचना देई. पाणी कमी पडून छत तापले की बुचातले शिसे वितळे आणि वाफ भट्टीत शिरे. या सूचनेत संशयाला जागा नव्हती. बूच वितळले की इंजिन उभे.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याच्या रस्त्यांवर आलेल्या जीप, ॲम्बेसेडर, फियाट आणि ट्रक यांतही बराचसा भर काट्यांवर होता. काटा हळूहळू सरकतो, त्यामुळे बिघाडाची चाहूल आधी लागते; तो वाचायला मात्र सवय लागते. बाकीचे निदान कान, नाक आणि हात करीत. टॅपेटचा खडखडाट, क्लचचा जळका वास, हबला हात लावून कळणारी बेअरिंगची उष्णता ही मिस्त्रीची साधने. उस्तादाच्या हाताखाली पाने देत, ग्रीस पुसत पोरे ही विद्या शिकत. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 मध्ये सुरू झाली आणि पुढे आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचे शिक्षण वर्गात व कार्यशाळेत मिळू लागले. एसटीच्या आगारात ड्रायव्हरने फेरीनंतर सांगितलेला दोष कार्यशाळेने तपासायचा असे. खासगी गाडीच्या मालकाला निर्णय स्वतःच घ्यावा लागे.

काट्याऐवजी दिवा बसवण्याची पद्धत 1930 च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने रूढ केली. ती स्वस्त होती आणि चालकाला आकडे वाचण्याची गरज उरत नव्हती. 1983 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या मारुती 800 पासून छोट्या गाड्या भारतात घरोघरी पोहोचल्या आणि ऑइल, चार्जिंग व ब्रेक यांचे लाल दिवे सर्वांच्या ओळखीचे झाले. चावी फिरवताच ते सगळे एकदम लागतात, ती दिव्यांचीच तपासणी असते. त्या वेळी एखादा लागला नाही, तर तोही दोषच.

हे दिवे कसे लागतात, हे कळले की त्यांचे लुकलुकणेही वाचता येते. ऑइलच्या दिव्याचा स्विच दाब जवळजवळ संपल्यावरच जुळतो. म्हणून गाडी तापल्यावर सिग्नलपाशी दिवा मिणमिणला आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझला, तरी ती किरकोळ गोष्ट नसते : ऑइल कमी झालेले असते, पातळ झालेले असते किंवा पंप व बेअरिंग झिजलेली असतात. चार्जिंगच्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर असतो. दोन्हीकडचा व्होल्टेज सारखा झाला की दिवा विझतो. तो मंद जळत राहिला, तर पट्टा सैल आहे किंवा ब्रश झिजले आहेत, असे वायरमन ओळखतो. ब्रेक ऑइलच्या डबीत तरंगणारा फ्लोट असतो. पुसदकडच्या डोंगराळ रस्त्यावर वळण घेताना किंवा उतारावर ब्रेकचा दिवा क्षणभर लागतो, कारण पातळी आधीच खालच्या खुणेजवळ आलेली असते. पॅड झिजले की ऑइल खाली उतरते. एखाद्या ठिकाणी गळती असली तरी तेच होते.

इंजेक्शनच्या गाड्या आल्या तसा पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा महत्त्वाचा झाला. भारत स्टेज 4 हे प्रदूषणाचे निकष 2010 मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह निवडक शहरांत लागू झाले. यवतमाळसह उरलेल्या देशात ते 1 एप्रिल 2017 पासून बंधनकारक झाले. त्यानंतर 1 एप्रिल 2020 पासून थेट भारत स्टेज 6 आले. त्यामुळे गाडीतील संगणक स्वतःच बिघाड शोधून त्याचा कोड साठवू लागला आणि गावोगावच्या दुचाक्यांवरही इंजिनाचा दिवा दिसू लागला.

या संगणकाला स्मरणशक्ती असते. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्यावरच तो दिवा लावतो आणि सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की विझवतो. कोड मात्र पुढेही बराच काळ राहतो. त्यामुळे विझलेल्या दिव्याचे कारणही स्कॅनरला सापडू शकते. बॅटरीचे टर्मिनल काढून पुन्हा लावण्याची गॅरेजमधली जुनी युक्ती इथे उलटते : दिवा जातो, पण अनेक गाड्यांत त्याबरोबर नोंदही पुसली जाते.

अधूनमधून येणाऱ्या दोषांना इथल्या हवामानाची आणि मातीचीही साथ मिळते. उन्हाळ्यात वायरिंगचे प्लास्टिक कडक होते, पावसाळ्यात कपलरमध्ये ओल शिरते, उंदीर वायरी कुरतडतात. काळ्या मातीचा चिखल चाकाजवळच्या सेन्सरवर बसला की एबीएसचा दिवा लागतो आणि चाक धुतल्यावर जाऊ शकतो. वणीच्या कोळसा पट्ट्यात धूळ एअर फिल्टर लवकर भरते.

आजची पारख रंग आणि वेळ यांवर चालते. ऑइल किंवा तापमानाचा लाल दिवा क्षणभर जरी लागला, तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे आणि पातळी पाहायची. हँडब्रेक सोडलेला असताना ब्रेकचा दिवा आला, तर तपासणीशिवाय पुढे जायचे नाही. इंजिनाचा पिवळा दिवा सतत लुकलुकत असेल, तर पेट्रोल गाडीत मिसफायर होऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याचा धोका असतो. वेग कमी करून लवकरात लवकर गॅरेज गाठावे लागते. तोच दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर काही दिवसांत स्कॅन केले तरी चालते. एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा येत-जात असेल, तर गाडी चालते खरी. पण अपघातात एअरबॅग उघडेलच किंवा जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकणार नाहीतच, याची खात्री राहत नाही. कोणत्याही दिव्याच्या बाबतीत तो लागला तेव्हाचा वेग, इंजिन गार होते की तापलेले, पाऊस होता का आणि त्याआधी डिझेल-पेट्रोल कुठे भरले, हे सांगितले की मिस्त्रीचे निम्मे काम होते. कोड दोष कोणत्या भागात आहे ते दाखवतो. तो पार्टमध्ये आहे, वायरीत आहे की सैल अर्थिंगमध्ये, हे अजूनही मल्टिमीटर लावून आणि वायर हलवूनच ठरते.