एन्थॅल्पी बदल

स्थिर दाबाखाली रासायनिक अभिक्रियेत शोषली जाणारी किंवा बाहेर पडणारी उष्णता. उत्पादितांच्या निर्मिती-एन्थॅल्पींच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा केली की हा बदल मिळतो. आधार हेस यांच्या १८४० च्या नियमाचा.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, मोहाची सुकी फुले भिजवून आंबवतात. फेस चढतो, भांडे हाताला कोमट लागते. ही ऊब मोजता येते. फुलांतील साखर आंबताना एक मोल ग्लुकोजपासून (निर्मिती-एन्थॅल्पी −१२७३.३ किलोज्यूल) दोन मोल इथेनॉल (प्रत्येकी −२७७.६) आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड (प्रत्येकी −३९३.५) तयार होतात. वजाबाकी −६८.९ किलोज्यूल, ऋण चिन्ह, म्हणून अभिक्रिया उष्मादायी. हे आकडे घनरूप ग्लुकोज व द्रवरूप इथेनॉलचे. विद्रावात ते बदलतात, तेव्हा अवस्था लिहायला विसरू नये. ग्लुकोजच्या ज्वलन-उष्णतेपैकी सुमारे ९७ टक्के इथेनॉलमध्येच उरते.