भात्याचा वारा किती? रोजच्या गाडीतल्या टर्बोची गोष्ट



आज इथे येण्याआधी आपण काही जण गांधीचमनजवळ चहाला थांबलो होतो. तिथे एका तरुणाने विचारलं, "काका, रोजच्या गाडीचा बूस्ट किती वाढवला तर चालेल?" त्याला एक आकडा हवा होता. आम्ही म्हटलं, व्याख्यानाला ये, आकड्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

जालना हे सळयांचं गाव. भट्टी आपल्याला शिकवावी लागत नाही. लोहार भाता मारतो तेव्हा विस्तवाला जास्त हवा मिळते आणि आच वाढते. पण वारा प्रमाणाबाहेर गेला तर लोखंड तापत नाही, जळतं. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाताच. फरक एवढाच की हा भाता हाताने नाही, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. वातावरणाच्या दाबापेक्षा जो जादा दाब मिळतो, तो बूस्ट.

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या अभियंत्याची. त्याचं पेटंट १९०५ सालचं. पुढे जहाजं आणि विमानं यांत टर्बो रुळला. तिथे इंजिनाजवळ जाणकार माणूस असायचा. खरी परीक्षा झाली ती टर्बो घरच्या गाडीत आला तेव्हा.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. बूस्ट साधारण ०.३५ बार, म्हणजे आजच्या मानाने अगदी थोडा. पण इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशन १०.२५ ला १ असं चढं होतं. जास्त दाबलेलं, तापलेलं मिश्रण सगळीकडे एकसारखं न जळता मध्येच भडकतं, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. ते टाळायला कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरत राहायची! आता बघा, रोज कामावर जाणारा माणूस ती भरणार का? अनेकांनी भरली नाही. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा आणि गाडी मरगळायची. ही गाडी दोनच वर्षं टिकली. बूस्ट कमी होता, तरी तो रोजच्या वापराला बसत नव्हता.

स्वीडनच्या साबने वेगळा विचार केला. १९७७ साली त्यांनी ९९ टर्बो दाखवली. सर्वात जास्त वेग हे त्यांचं उद्दिष्ट नव्हतं, रोजच्या रस्त्यावर ताकद लवकर मिळावी हे होतं. बूस्ट ०.७ बारच्या आसपास आणि त्यावर राखण ठेवणारा वेस्टगेट. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की तो जादा वायूला बाजूची वाट करून देतो. पुढे साबनेच नॉकिंग ओळखून बूस्ट स्वतः कमी करणारी यंत्रणा आणली. म्हणजे सुरक्षितता आकड्यात नव्हती, राखण करण्यात होती.

आता तोच ०.७ बार जालन्यात आणू या. हवा दाबली की तापते. स्वीडनची १० अंशांची हवा तेवढी दाबली तर साधारण ७५ अंशांवर जाते. आपली मे महिन्यातली ४० अंशांची हवा ११० च्या पुढे जाते. बूस्ट १ बार केला तर १३५ च्याही वर. म्हणून इंटरकूलर लागतो, आणि तो धुळीने बुजला की कागदावरचा सुरक्षित आकडा खोटा ठरतो.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पुण्याजवळच्या रांजणगावला १२४८ सीसीचं फियाटचं डिझेल इंजिन तयार व्हायचं. २००८ च्या इंडिका व्हिस्टात ते ७५ अश्वशक्तीचं होतं, २००९ च्या इंडिगो मांझात ९० चं. सीसी तेवढेच! पण कारखान्याने नुसता बूस्टचा आकडा फिरवला नाही. टर्बोच बदलला, पात्यांचा कोन बदलणारा बसवला, आणि इंधनाचं गणित त्याप्रमाणे नव्याने मांडलं. आज पंधरा-वीस मिनिटांत होणाऱ्या रिमॅपमध्ये फक्त गणित बदलतं, लोखंड तेच राहतं.

पूर्वी हे खपून जायचं, कारण गावात पूर्ण बूस्ट काही सेकंदच लागतो. पण ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि जालन्याच्या गाड्या तासन् तास ताशी १२० ने पळू लागल्या. आम्हीही हा धडा घेतला आहे. रिमॅप केलेल्या गाडीतून जाताना सिंदखेडराजाच्या पुढे टर्बोचा रबरी पाइप निसटला. मागे काळा धूर, आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. घरची मंडळी सोबत होती आणि मागून ट्रक येत होते. तेव्हा वाढवलेल्या अश्वशक्तीची आठवणही झाली नाही.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. वॉरंटी आणि विम्याचा वाद होतो तो वेगळाच.

तेव्हा त्या तरुणाला आमचं उत्तर असं. रोजच्या गाडीला कारखान्याने दिलेला बूस्ट तोच सुरक्षित, आणि तोही आपोआप सुरक्षित राहत नाही. एअर फिल्टर, पाइप आणि त्यांचे क्लॅम्प तपासा. इंटरकूलर स्वच्छ ठेवा. सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल वेळेवर बदला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. लांबच्या पल्ल्यावरून आलात की इंजिन मिनिटभर तसंच चालू द्या, मग बंद करा. एवढं केल्यावर ताकद कमी वाटली, तर आधी गळती शोधा, लॅपटॉप नंतर.

इथे थांबू या. तो तरुण मागच्या रांगेत बसलेला दिसतोय, पहिला प्रश्न त्याचा.