लिनक्सवर पेनड्राइव्ह लावला की पासवर्ड का मागितला जातो? ‘माउंट’च्या परवानगीमागचं कारण समजून घ्या

सोलापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब डोळ्यांसमोर आणा. सबमिशनचा दिवस, वीस-पंचवीस मुलं, प्रत्येकाकडे पेनड्राइव्ह आणि सगळी मशीन लिनक्सवर. पेनड्राइव्ह लावला की चौकट येते: ॲडमिनचा पासवर्ड टाका. लॅब असिस्टंट चार-पाच वेळा उठून पासवर्ड टाकतात आणि मग वैतागून तो सगळ्यांना सांगून टाकतात. काम होतं. पण त्या क्षणापासून लॅबमधला प्रत्येक जण प्रत्येक मशीनचा मालक झालेला असतो. पेनड्राइव्ह उघडण्यासाठी एवढी मोठी किंमत मोजायची गरज नसते.

माउंट म्हणजे काय?

विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की ‘ई’ किंवा ‘एफ’ असा वेगळा ड्राइव्ह दिसतो. लिनक्स, बीएसडी अशा युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिममध्ये असे सुटे ड्राइव्ह नसतात. सगळ्या फाइल्स एकाच झाडावर असतात आणि बाहेरून आलेली डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीला जोडावी लागते. या जोडणीलाच माउंट करणं म्हणतात. 1970 च्या दशकात युनिक्स वाढलं तेव्हा एक कॉम्प्युटर अनेक जण वापरायचे आणि डिस्क लावणं-काढणं हे ऑपरेटरचं काम असायचं. त्यामुळे माउंटचा अधिकार ‘रूट’कडे, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी खात्याकडे राहिला. खिशात डिस्क घेऊन फिरणारा विद्यार्थी तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हता.

धोका नेमका कुठे आहे?

फाइल्स वाचण्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो पेनड्राइव्हसोबत येणाऱ्या परवानग्यांमध्ये. युनिक्समध्ये फाइलला ‘सेटयूआयडी’ नावाची खूण लावता येते. अशी फाइल कोणीही चालवली, तरी ती तिच्या मालकाच्या अधिकाराने चालते. आता समजा, एखाद्या मुलाने घरच्या लॅपटॉपवर, जिथे रूट तोच आहे, पेनड्राइव्हवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवला. त्याची मालकी रूटला दिली, वर सेटयूआयडीची खूण लावली. तोच पेनड्राइव्ह लॅबच्या मशीनला कोणत्याही अटीशिवाय माउंट झाला, तर प्रोग्रॅम चालवताच तो मुलगा लॅबच्या मशीनचाही रूट होतो. पासवर्ड फोडायची गरजच पडत नाही. दुसरी युक्ती डिव्हाइस फाइलची: मशीनच्या हार्ड डिस्कचं ‘दार’ पेनड्राइव्हवर बनवून आणायचं, सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं आणि इतरांच्या फाइल्स सरळ वाचायच्या.

म्हणून माउंट करताना अटी घालतात. ‘नोसुइड’ सेटयूआयडीची खूण निष्प्रभ करतो, ‘नोडेव्ह’ डिव्हाइस फाइल्स आणि ‘नोएक्झेक’ त्या डिस्कवरून प्रोग्रॅम थेट चालवणं. पहिल्या दोन अटींवर तडजोड नको. तिसरी थोडी जाचक आहे आणि ती ज्याच्या त्याच्या गरजेवर सोडावी, असं माझं मत.

मग परवानगी द्यायची कशी?

जुना मार्ग ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’ या फाइलचा. त्यात डिस्कच्या नावाची एक ओळ लिहून ‘यूजर’ हा पर्याय दिला की साध्या वापरकर्त्यालाही ती माउंट करता येते आणि वरच्या तिन्ही अटी आपोआप लागू होतात. जो माउंट करेल त्यालाच ती काढता येते. कोणालाही काढता यावी असं वाटत असेल तर ‘यूजर’ऐवजी ‘यूजर्स’ लिहायचं. इंटरनेटवरून ओळ कॉपी करताना मात्र पुढे ‘सुइड’, ‘डेव्ह’ असे शब्द आहेत का ते बघा, कारण नंतर लिहिलेला पर्याय आधीची अट रद्द करतो. ‘नोऑटो’ किंवा ‘नोफेल’ लिहायला विसरलात आणि डिस्क लावलेली नसली, तर मशीन सुरू होतानाच अडकू शकतं. ऑफिसातल्या एकाच ठरलेल्या बॅकअप डिस्कसाठी हा मार्ग उत्तम. पंचवीस मुलांच्या पंचवीस पेनड्राइव्हसाठी निरुपयोगी.

तिथे ‘यूडिस्क्स’ आणि ‘पोलकिट’ ही जोडी कामाला येते. उबुंटू, फेडोरा किंवा सी-डॅकची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’, सगळीकडे डेस्कटॉपमागे हीच व्यवस्था असते. यूडिस्क्स रूटच्या वतीने, नोसुइड आणि नोडेव्ह लावूनच माउंट करतो. ते करायचं की नाही, हे पोलकिट ठरवतो. त्याचा मूळ नियम सोपा आहे: माणूस खरोखर त्या मशीनसमोर बसून लॉगिन असेल आणि डिस्क बाहेरची असेल, तर पासवर्ड नको. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आलात किंवा मशीनच्या आतल्या डिस्कचा भाग उघडायला गेलात, तर पासवर्ड लागतो. लॅबमध्ये ती चौकट येते तेव्हा बऱ्याचदा यातलंच एखादं कारण असतं, किंवा कोणीतरी नियम मुद्दाम कडक केलेला असतो. उपाय म्हणजे एक ग्रुप करून फक्त बाहेरची डिस्क माउंट करण्याची परवानगी त्या ग्रुपला देणारा पोलकिटचा नियम लिहिणं. रूटचा पासवर्ड कोणालाच कळत नाही.

ही व्यवस्थाही अभेद्य नाही. जून 2025 मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने (तिचं पुण्यातही मोठं ऑफिस आहे) याच साखळीतली एक त्रुटी उघड केली. सीव्हीई-2025-6019 हा तिचा क्रमांक. यूडिस्क्स ज्या ‘लिबब्लॉकडेव्ह’ची मदत घेतो, तो एक्सएफएस प्रकारच्या डिस्कचा आकार बदलताना ती थोडा वेळ माउंट करायचा आणि त्या वेळी नोसुइड, नोडेव्ह लावतच नव्हता. मशीनसमोर बसलेल्या साध्या वापरकर्त्याला रूट व्हायला तेवढी फट पुरेशी होती. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा मोठ्या वितरणांना तिचा फटका बसला आणि दुरुस्त्या तातडीने आल्या. तेव्हापासून अपडेट न केलेली मशीन तुमच्याकडे असतील, तर पोलकिटच्या नियमांना हात घालण्याआधी ते उरका.

ओपनबीएसडीच्या मंडळींनी तर 2016 च्या 6.0 आवृत्तीत साध्या वापरकर्त्याला माउंट करू देणारी सोयच काढून टाकली. फ्रीबीएसडीत ती आहे, पण मुळात बंद असते. ‘व्हीएफएस.यूजरमाउंट’ची किंमत 1 केली, डिस्क वाचायची परवानगी दिली आणि ज्या फोल्डरला जोडायचं तो वापरकर्त्याच्याच मालकीचा असला, तरच ती चालते.

एक तक्रार कायम ऐकू येते: पेनड्राइव्ह उघडतो, पण त्यावर काही सेव्ह होत नाही. हे बहुतेकदा एफएसटॅबमधून किंवा रूटने माउंट केलेल्या पेनड्राइव्हबाबत घडतं. फॅट32 आणि एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक कोण ही नोंदच नसते, त्यामुळे सिस्टिम सगळं माउंट करणाऱ्याच्या, म्हणजे रूटच्या नावावर टाकते. ओळीत ‘यूआयडी’ या पर्यायात आपल्या खात्याचा क्रमांक दिला की काम होतं. तो क्रमांक टर्मिनलमध्ये ‘आयडी’ ही कमांड दिली की दिसतो. टर्मिनल नवीन असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.