आमचा घाणा कोणी थांबविला?

स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम संताजी महाराजांच्या चरित्रावर चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आले. परंतु तो विषय आमच्याहून अधिकारी लेखकांनी अनेकवार हाताळलेला आहे. म्हणून ज्या धंद्याने आपल्या समाजास नाव दिले आणि जो धंदा आज आपल्या बहुतेक घरांतून नामशेष झाला आहे, त्याचा पूर्वेतिहास येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या येडशीच्या घरचा घाणा १९७२ च्या दुष्काळात थांबला. वैरण मिळेना म्हणून वडिलांनी बैल विकला, आणि पुढच्या वर्षी पाऊस झाला तरी दुसरा बैल काही घेतला नाही. आळीतील वडीलधारी मंडळी म्हणत, ‘याने हाय खाल्ली.’ कोणी म्हणत, ‘पोराला मॅट्रिक करण्याच्या नादात पिढीजात धंदा घालविला.’ ते पोर म्हणजे आम्हीच. हा बोल आमच्या मनात पुष्कळ वर्षे सलत राहिला, आणि खरे सांगावयाचे तर वडिलांच्या हयातीत आम्हीही तो खराच मानीत होतो. पुढे शाळेत इतिहास-भूगोल शिकविताना एकेक धागा हाती लागू लागला, तेव्हा ध्यानात आले की आमचा घाणा १९७२ साली थांबला खरा, परंतु तो थांबविण्याचे काम त्यापूर्वी शंभर वर्षांपासून दूरदूरच्या देशांत चालू झाले होते.

नव्या पिढीच्या वाचकांनी घाणा पाहिलेला नसेल, म्हणून थोडे सांगतो. अंगणाच्या एका अंगाला जमिनीत रोवलेले लाकडी उखळ, त्यात तिरपी उभी राहणारी लाट, तिला जोडलेली आडवी फळी, फळीवर वजनाला दगड व पुष्कळदा त्या दगडाशेजारी आम्ही मुले, आणि डोळ्यांवर झापडे बांधलेला बैल. दिवसाकाठी चार-पाच घाण्या निघत. आमच्या भागात मुख्य तेल करडईचे. शाळूच्या रानात अधूनमधून व बांधाच्या कडेने करडई पेरीत. तिच्या काट्यांमुळे जनावरे आत शिरत नसत, म्हणजे कुंपणाचे कुंपण आणि तेलाचे तेल. कुणबी आपली करडई घेऊन येई, तेल घेऊन जाई. मजुरी कधी पैशांत, कधी तेलात, कधी पेंडीत. घाण्याच्या पेंडीत शेकडा दहाबारा भाग तेल मागे राहते. आजचा शास्त्रज्ञ यास नुकसान म्हणेल, परंतु तेच तेल गावच्या गाई-म्हशींच्या पोटात जाई. असो.

या व्यवहारास पहिला धक्का बसला तो दिव्याकडून. पूर्वी तेल्याचे तेल जेवढे फोडणीत जाई, त्याहून कमी पणतीत व समईत जळत नसे. १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया प्रांतात जमिनीतून खनिज तेल काढण्याची पहिली यशस्वी विहीर खोदली गेली. तेथून निघालेले तेल पत्र्याच्या डब्यांत भरून जहाजाने मुंबईस येऊ लागले आणि हळूहळू खेड्यापाड्यांत पोहोचले. ‘रॉकेल’ हा शब्द इंग्रजीतील खडकाच्या तेलावरून आला, हे आम्ही वर्गात सांगत असू तेव्हा मुले हसत. त्या हसण्यात आपल्या आजा-पणजांच्या निम्म्या गिऱ्हाइकीची राखरांगोळी आहे हे सांगण्याचे धैर्य मात्र आम्हांस होत नसे. ब्रह्मदेशच्या विहिरींतूनही हे तेल येऊ लागले, आणि १९२८ साली बर्मा-शेल ही कंपनी हिंदुस्थानात स्थापन झाली. जो तेली संध्याकाळी बुधला घेऊन दारोदार फिरे, त्याच्या बुधल्यात आता फक्त खावयाचे तेल उरले.

दुसरा धक्का बियांचा. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी सोलापुरास पोहोचली व १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. या दोन घटनांनी आपल्या शिवारातील जवस, तीळ, कापूस या सर्वांस युरोपचा बाजार जोडला गेला. जवसाचे तेल तिकडे रंग-रोगणास लागे. आता येथे एक बारकावा आहे. तेल आपल्याकडे गाळून तिकडे पाठवावे, म्हणजे मजुरी व पेंड येथे राहील, असे कोणासही वाटेल. परंतु युरोपातील फ्रान्ससारख्या देशांनी बिया आपल्या बंदरांत सवलतीने येऊ दिल्या व तेलावर मात्र जकात ठेविली, कारण त्यांस आपल्या मार्सेलिससारख्या शहरांतील गिरण्या चालवावयाच्या होत्या. म्हणून गलबतांतून तेल गेले नाही, बिया गेल्या. त्यांसमवेत पेंड गेली, आणि पेंडीबरोबर आपल्या रानांचे खत गेले. आमच्या शेजारच्या साळी-कोष्टी बांधवांची कथा याच जातीची आहे. १८९६ साली सरकारने परदेशी कापडावर शेकडा साडेतीन टक्के जकात ठेविली, तेव्हा मँचेस्टरच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसविला, आणि तो १९२५ अखेरपर्यंत चालू होता.

येडशी त्या काळी निजामाच्या मुलखात, बार्शी इंग्रजांच्या. मध्ये हद्द. माल इकडून तिकडे न्यावयाचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावयाची, आणि पैसाही दोन तऱ्हांचा, इकडे हाली, तिकडे कलदार. तरीही बार्शी ही आपल्या बालाघाटाची मोठी पेठ होती आणि तिच्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने हे हेरले. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली, लीड्स शहरी तिच्या इंजिनांची व डब्यांची परीक्षा झाली, आणि १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी धावली. पुढे ती निजामी हद्दीत शिरून आमच्या येडशीवरून १९११ साली लातुरास गेली. आमच्या लहानपणी ती गाडी घाट चढताना इतकी मंद होई की मोठी मुले उतरून पुन्हा चढत. आम्ही स्वतः तसे कधी केले नाही, वडिलांचा धाक होता. गंमत बाजूस ठेविली तर या छोट्या गाडीने फार मोठे काम केले. तिने येडशीच्या करडईचा व शेंगेचा भाव बार्शीला, बार्शीचा मुंबईला आणि मुंबईचा लंडनला बांधून टाकिला. पूर्वी भाव ठरे तो गावच्या पिकावर. आता तो तारेने येऊ लागला. लोकमान्य टिळकांनी सरकी काढण्याचा कारखाना लातुरास भागीदारीत काढला होता हे वाचकांस ठाऊक असेलच. व्यापाराचे वारे कोठे वाहत आहे ते त्या द्रष्ट्या पुरुषाने गाडी येण्यापूर्वीच ओळखिले होते.

तारेने भाव येतो, तसा तो तारेने जातोही. १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला व जगभर मंदी पसरली. दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. त्यातच सरकारने १९२७ साली रुपयाचा दर दीड शिलिंग असा चढा बांधून ठेविला होता. तो त्यांनी सोडला नाही. दर चढा असला म्हणजे बाहेर माल विकणाऱ्या कुणब्याच्या हाती रुपये कमी पडतात. सारा व व्याज मात्र जसेच्या तसे. १९३१ नंतर खेड्यापाड्यांतील सोने मोडून मुंबईच्या बंदरातून विलायतेस गेले. आमच्या आजीच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ त्याच सुमारास बार्शीस सराफाकडे गेली असे घरात सांगत. आजी त्याचा दोष आजोबांना देई. आजोबा बिचारे काय सांगणार, की रुपयाचा शिलिंगांतील दर चढा बांधला गेला आहे!

यंत्राची गोष्ट सर्वांस परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात आवरतो. १९०० साली अमेरिकेतील अँडरसन याने अखंड चालणारे तेल काढण्याचे यंत्र तयार केले. तसली यंत्रे पुढे आपल्या भागातही आली. घाणीत दहा-बारा टक्के राहणारे तेल या यंत्रात सहा-सात टक्क्यांवर आले, आणि रसायनाने तेल शोषून घेण्याची कृती निघाल्यावर एक टक्क्याच्याही खाली गेले. त्याच बियांना घाण्यापेक्षा अधिक भाव देणे गिरणीस परवडू लागले. बैलाची झापडे काढून त्याला कितीही पळविले असते तरी हे गणित सुटले नसते. १९०२ साली जर्मनीत तेलाचे तूप करण्याचा शोध लागला. हॉलंडमधून असले तूप प्रथम येथे आले, आणि मग १९३० नंतर मुंबईत शिवडीस कारखाना निघून १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने घरोघरी गेले. शेंगदाण्याचे तेल आपल्या बुधल्यातून निघून असे पत्र्याच्या डब्यात जाऊन बसले.

घाणा वाचविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा केल्या. स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योग मंडळाने तेलघाणी सहकारी संस्थांना साहाय्य दिले. येथे आम्हांस समाजबांधवांस एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या काळी संस्था काढून एकत्र बी खरेदी करण्याची संधी होती, त्या काळी आमच्या भागातील तेली घरे ‘तुझा घाणा मोठा की माझा’ यातच गुंतली होती. आमच्या घराण्याचाही त्यात वाटा होता. तथापि संस्था निघाल्या असत्या तरी त्या टिकल्याच असत्या असे छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण पुढचा धक्का सर्वांत मोठा होता.

हा धक्का म्हणजे पामतेल. ताडाच्या जातीचे हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. इंग्रजांच्या अमदानीत १९१७ पासून मलायात त्याचे मळे झाले, आणि रबराचे भाव बेभरवशाचे ठरल्यावर स्वतंत्र मलायाने भूमिहीनांना जमिनी देऊन तेच पीक वाढविले. एका एकरात या झाडाचे तेल करडईच्या कितीतरी पट निघते. तिकडच्या भूमिहीनाचे त्यात कल्याण झाले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. तेच तेल शासनाच्या व्यापार महामंडळाने खरेदी करून येथे रेशनच्या दुकानात आणिले. आम्ही शिक्षक झालो तेव्हा आमच्या घरीही तेच येई. वडील ते तेल हातावर घेऊन वास घेत व काही न बोलता ठेवून देत. १९८६ साली सरकारने तेलबियांसाठी विशेष मोहीम काढली आणि नव्वदीच्या आरंभी देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मग धोरण पालटले. १९९४-९५ साली खाद्यतेलाची आयात खुली झाली, जकात पुढे तीन-चार वर्षांत पंधरा टक्क्यांपर्यंत उतरली, आणि आज देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या तेलाने माणसे दगावल्यावर सुटे तेल विकण्यावर निर्बंध आले. हेतू निर्विवाद चांगला. परंतु पुडीबंद तेलाची यंत्रे छोट्या घाणेवाल्यास कोठून परवडणार?

करडईच्या रानात आता सोयाबीन आहे. तेही परदेशी पीक, आणि त्याचा भाव तर थेट शिकागो व क्वालालंपूरशी बांधलेला. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. आमच्या गल्लीतील तरुणांनी त्या भरवशावर मोटारसायकली घेतल्या. ऑगस्टमध्ये सरकारने बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणण्यास परवानगी दिली, ऑक्टोबरमध्ये कच्च्या तेलावरील मूळ आयातशुल्क उठविले, डिसेंबरमध्ये वायदेबाजार बंद केला. आणि भाव उतरला. कोंबड्या पाळणाऱ्यास पेंड स्वस्त हवी, शहरच्या गृहिणीस तेल स्वस्त हवे, कुणब्यास बी महाग हवे. सरकारची कुचंबणा आम्ही समजू शकतो, पण प्रत्येक वेळी काट्याचे पारडे कोणीकडे झुकते तेही दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क शून्यावरून वीस टक्के झाले. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असता खुल्या बाजारात भाव त्याच्याही खालीच राहिला. मे २०२५ अखेर ते शुल्क पुन्हा दहावर आले.

बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने विकत घेतली. २००७-०८ साली लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, तो धाराशिवमार्गे वळविला गेला, आणि जुने अरुंद रूळ निघाले. आमच्या घाण्याचे उखळ मात्र अजून अंगणातच होते. त्यात पावसाचे पाणी साचे व चिमण्या अंघोळ करीत. गेल्या वर्षी पुण्यास असलेला आमचा पुतण्या आला. तिकडे लाकडी घाण्याच्या तेलास मोठी मागणी आहे, लोक गिरणीच्या तेलाच्या दुप्पट किंमत आनंदाने देतात असे तो म्हणाला. त्याने विजेवर चालणारा घाणा घेतला आहे. दुकानाच्या दर्शनी भागी ठेवावे म्हणून त्याने आमचे उखळ मागितले, आम्ही दिले. चार माणसांनी ते टेम्पोत चढविले.

जाताना तो म्हणाला, ‘काका, येडशीची पोतेभर करडई मिळाली तर पहिली घाणी आपल्या रानाचीच काढू.’ आम्ही आठ दिवस शिवार धुंडाळले. ओळखीच्या कुणब्यांना विचारले. एका म्हाताऱ्या बाईने घरापुरती दोन ओळी करडई केली होती. तिने पायलीभर दिली, आणि पैसे घेतले नाहीत. तेल काढून झाल्यावर पेंड तेवढी परत पाठवा, म्हणाली, म्हशीला हवी आहे.