व्हिंटेज पिकअप वाहनांचे ट्रिम भाग

व्हिंटेज पिकअप वाहनांचे ट्रिम भाग म्हणजे जुन्या पिकअप, जीप व हलक्या मालवाहू गाड्यांच्या मूळ सांगाड्याला आणि यंत्रणेला जोडलेले, परंतु गाडी चालण्यासाठी अनिवार्य नसलेले बाह्य व आतील भाग होत. पुढची जाळी, बंपर, चाकावरील टोपी, नाममुद्रा, दिव्यांच्या कडा, पत्र्यावरील पट्ट्या, दारांच्या मुठी, काचांभोवतीची रबरी पट्टी, डॅशबोर्डवरील मीटर, आसनांचे आवरण आणि टप यांचा त्यांत समावेश होतो. मराठी गॅरेजांत या सर्वांना मिळून 'फिटिंग' किंवा 'शोचे सामान' असे म्हटले जाते. इंजिन व गिअरपेटी दुरुस्त करता येते किंवा दुसऱ्या गाडीची बसवता येते. ट्रिम भाग मात्र विशिष्ट प्रारूप आणि विशिष्ट वर्षांपुरतेच तयार झालेले असतात. त्यामुळे जीर्णोद्धाराचे काम बहुधा इंजिनापाशी नव्हे, तर एखाद्या लहानशा नाममुद्रेपाशी अडते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या हलक्या मालवाहू गाड्यांचा इतिहास मुख्यतः मुंबईतील जुळणी कारखान्यांशी निगडित आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी सुरू केली व तेथून शेवरले गाड्या बाजारात येऊ लागल्या. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी केली. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्र आणि महंमद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्र आणि महिंद्र झाली. तिने विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगाव येथे जुळणी केली व पुढे टप्प्याटप्प्याने भाग देशातच बनविण्यास आरंभ केला.

केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना पाठिंबा न देण्याचे धोरण १९५३ च्या सुमारास भारत सरकारने स्वीकारले. पुढील वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. आयातीवरील निर्बंधांमुळे त्या गाड्यांचे मूळ सुटे भाग मिळेनासे झाले, पण गाड्या रस्त्यावर राहिल्या. जाळी मोडली तर लोहाराकडून पट्ट्या ठोकून घेणे, दिव्याची कडा दुसऱ्या गाडीची बसवणे, मुठी पितळेत ओतून घेणे हे मार्ग सर्रास अवलंबिले गेले. आज जीर्णोद्धारासाठी हाती येणाऱ्या बहुतेक भारतीय गाड्यांवर या तीन-चार दशकांच्या तडजोडींचे थर असतात. त्यांतील कोणता थर काढायचा आणि कोणता ठेवायचा, हा जीर्णोद्धारकापुढील खरा प्रश्न असतो.

मूळ म्हणजे काय

ट्रिम भागांचे बाजारात साधारणतः चार वर्ग मानले जातात. कारखान्यात बसवलेला किंवा त्याच गाडीच्या जातीतून काढलेला जुना भाग, कंपनीने त्या काळी सुट्या स्वरूपात बनवलेला पण न विकला गेलेला कोरा भाग, अन्य उत्पादकाने नंतर तयार केलेली प्रतिकृती आणि मापात बसणारा परंतु रूपाने भिन्न असा पर्यायी भाग. दुकानदार यांना अनुक्रमे 'ओरिजिनल', 'कंपनी', 'लोकल' व 'चालतंय असं' या नावांनी ओळखतात. मात्र चांगल्या प्रतिकृतीला 'कंपनी' म्हणून विकण्याची प्रथा जुनीच आहे.

भारतीय मालवाहू गाड्यांच्या बाबतीत मूळपणाची कल्पना आणखी गुंतागुंतीची ठरते. अनेक गाड्या कारखान्यातून केवळ चॅसी आणि पुढचा पत्रा अशा अवस्थेत बाहेर पडत. केबिन, हौदा व दारे स्थानिक बॉडी बिल्डर लाकूड व पत्रा वापरून उभारीत. अशा गाडीला कारखान्याच्या केबिनचे ट्रिम कधी नव्हतेच. अमेरिकी माहितीपत्रकातील छायाचित्र पाहून तिच्यावर क्रोमच्या पट्ट्या चढवल्यास ती अधिक मूळ होत नाही, उलट तिचा स्वतःचा इतिहास पुसला जातो.

अति चकचकीतपणा हा जीर्णोद्धारातील सर्वांत सामान्य दोष आहे. विलीज सीजे-३बी जीपचा बंपर रंगवलेला असे, क्रोम केलेला नव्हे. १९४७ नंतरच्या शेवरले पिकअपच्या पाच आडव्या पट्ट्यांच्या जाळीवर क्रोम मिळत असे, परंतु ते महागड्या प्रकारावर. कोरियन युद्धाच्या काळात धातूंच्या टंचाईमुळे अमेरिकेत मालवाहू गाड्यांचे बंपर व चाकांच्या टोप्या रंगवूनच दिल्या जात होत्या. त्या वर्षांतील गाडीवर झळझळीत बंपर दिसला, तर तो नंतर चढवला असण्याची शक्यता अधिक असते.

नाममुद्रांचा प्रश्न

प्रीमिअरने क्रायस्लर समूहाचे ट्रक डॉज, फार्गो आणि डी सोटो अशा नावांनी विकले. गाडी मूलतः एकच असल्याने तिची ओळख नाममुद्रेवरच अवलंबून असे. जुन्या बाजारात हाती लागलेली 'डॉज' अक्षरे 'फार्गो' गाडीवर बसवली की यांत्रिकदृष्ट्या काहीही बिघडत नाही, पण कागदपत्रे आणि गाडी यांत विसंगती निर्माण होते. नाममुद्रा कालनिश्चितीसही उपयोगी पडतात. जमशेदपूर येथे १९५४ पासून बनणाऱ्या टाटा-मर्सिडीझ ट्रकवर तीन टोकांचा तारा होता. १९६९ मध्ये करार संपल्यानंतर त्याची जागा टाटाच्या बोधचिन्हाने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात मागे राहिलेल्या लष्करी जीपांपैकी फोर्डने बनवलेल्या गाड्यांच्या बोल्टांवर व अनेक भागांवर 'एफ' हे अक्षर ठोकलेले असे. असे बोल्ट गंजलेले असले, तरी जाणकार ते फेकत नाहीत.

विलीज सीजे-३बी च्या जाळीत सात उभ्या फटी असतात, तर युद्धकालीन दाबीव जाळीत नऊ. वरकरणी सारख्या दिसणाऱ्या जाळ्यांची अदलाबदल झालेली ओळखण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. जीपच्या जाळीचे रूप हा व्यापारी हक्कांचाही विषय झाला. महिंद्रच्या रॉक्सर या वाहनाने जीपच्या रूपचिन्हाचे उल्लंघन केल्याचा निर्णय अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२० मध्ये दिला व त्यानंतर त्या वाहनाचा दर्शनी भाग बदलण्यात आला.

शोधाची ठिकाणे

मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट व आसपासच्या गल्ल्या, तसेच कुर्ला परिसरातील भंगार व सुट्या भागांची दुकाने हे परंपरागत स्रोत आहेत. पुण्यात जुना बाजार व नाना पेठ येथे चौकशी केली जाते. महाराष्ट्राबाहेर दिल्लीतील काश्मिरी गेट हे सुट्या भागांसाठी व मायापुरी हे भंगारासाठी ओळखले जाते. हरियाणातील मंडी डबवाली हे जीप नव्याने उभारण्याचे मोठे केंद्र असून तेथे जीपचा संपूर्ण पत्रा नवा बनवून मिळतो. हा पत्रा मापात बसतो, मात्र त्याची जाडी, कडांचे वळण व ठोकलेली अक्षरे मूळ गाडीशी जुळतीलच असे नाही.

फॉरवर्ड कंट्रोल प्रकारातील महिंद्र एफसी गाड्यांची स्थिती विशेष कठीण आहे. चालकाची केबिन इंजिनावर असलेल्या या गाड्या १९६० च्या दशकाच्या मध्यापासून भारतात आल्या. त्यांची यंत्रणा बरीचशी जीपशी मिळतीजुळती असल्यामुळे यांत्रिक भाग मिळतात. केबिन मात्र सर्वस्वी वेगळी असल्याने तिच्या काचा, रबर व दारांच्या मुठी जीपवरून घेता येत नाहीत. याउलट साध्या जीपच्या पुढच्या काचा सपाट असतात आणि कोणताही काचवाला त्या कापून देऊ शकतो. वक्र काच असलेल्या गाड्यांना ही सोय नाही.

अमेरिकेत शेवरले, फोर्ड व डॉज पिकअपच्या प्रतिकृती भागांचा मोठा उद्योग असून बहुतेक भाग नवे मिळतात. भारतात ते मागवताना भागाच्या किमतीवर वाहतूक व सीमाशुल्क यांची भर पडते. शिवाय ते डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी बनलेले असल्याने डॅशबोर्ड व वायपरचे भाग येथील गाड्यांत बसत नाहीत. बाहेरील जाळी, नाममुद्रा व मागील दिवे यांना ही अडचण येत नाही.

मराठवाड्यातील स्थिती

परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावांत जुन्या मोटारींचे संग्राहक नाहीत, जुन्या जीप मात्र होत्या. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमामुळे आणि १९६२ नंतर पंचायत समित्यांमुळे जीप ही ग्रामीण भागात सरकारी कामाची ओळख बनली. निर्लेखित झालेल्या सरकारी जीप लिलावात विकल्या जात. घेणारे त्यांवर प्रवासी किंवा मालवाहतुकीसाठी मागचा भाग लांबवून घेत, पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवीत व मूळ मागील फळी काढून टाकीत. टाकून दिलेले हे भाग शेतातील आखाड्यावर, गोठ्याच्या दाराला किंवा गॅरेजमागील ढिगात सापडू शकतात. शहरी बाजारापेक्षा असा माल अधिक खात्रीचा मानला जातो, कारण तो कोणत्या गाडीचा होता हे सांगणारा माणूस बहुधा गावातच असतो.

येथील हवामानाचा परिणाम भागांवर स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यामुळे रबर कडक होऊन तडकते, रेक्झीन फाटते आणि टपाचे कॅनव्हास विरते. काळ्या मातीचा चिखल पत्र्याच्या दुमडीत साचून ओल धरून ठेवतो. म्हणून वरून धड दिसणारी दाराची खालची कड आतून गंजलेली असते. खरेदीपूर्वी भाग उलटा करून पाहण्याचा सल्ला जुने मिस्त्री देतात तो यासाठीच.

पारख व दुरुस्ती

भाग तपासताना प्रथम मागची बाजू पाहिली जाते. मूळ भागावर बहुधा ओतकामाचे चिन्ह, भागक्रमांक किंवा दाबयंत्राच्या खुणा असतात, तर वाळूच्या साच्यातील प्रतीची पाठ खरबरीत असते. चुंबकाने धातूचा अंदाज येतो. दाबीव पोलादाला चुंबक चिकटतो, पितळ व जस्ताच्या मिश्रधातूला चिकटत नाही. साच्यातून काढलेली प्रत धातू थंड होताना आकसते, म्हणून ती मूळ भागापेक्षा किंचित लहान असते. नाममुद्रेच्या मागील खुंट्या गाडीच्या छिद्रांत बसल्या नाहीत, तर बहुतेकदा कारण हेच असते. अशा वेळी गाडीला नवी छिद्रे पाडणे ही कधीही न भरून येणारी चूक ठरते.

जस्ताच्या मिश्रधातूचे जुने भाग आतून पोखरले जातात व वर फोड येतात. त्यांवर थेट क्रोम चढवल्यास फोड पुन्हा उठतात. खड्डे साफ करून तांब्याचा थर, त्यावर निकेल व शेवटी क्रोम हा क्रम पाळावा लागतो. अति पॉलिशमुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि एकदा झिजलेली कड परत येत नाही. पोलादी पट्ट्यांतील पोचे मागून हलक्या ठोक्यांनी काढता येतात. मूळ भाग वाचण्याजोगा असेल तर नवी प्रत बसवण्यापेक्षा तोच वापरणे श्रेयस्कर, असे ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेल्या ट्यूरिन सनदेचेही धोरण आहे.

कायदेशीर बाबी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. नोंदणी क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, मात्र नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही. मागचा भाग लांबवलेल्या व डिझेल इंजिन बसवलेल्या जीपांना ही अट अडसर ठरते. ट्रिम कितीही अस्सल असले, तरी सांगाड्यातील व इंजिनातील बदल त्याने झाकला जात नाही.

जुन्या बाजारातून घेतलेल्या भागाची पावती जपून ठेवणे आवश्यक असते, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. चॅसी क्रमांकाची पट्टी हा भाग दिसायला ट्रिमसारखा असला आणि काही ठिकाणी सुटा विकला जात असला, तरी एका गाडीची पट्टी दुसऱ्या गाडीला लावणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, तर गाडीची ओळख बदलणे होय.