गुलाबराव महाराज

गुलाबराव महाराज (1881–1915) : विदर्भातील अंध संतकवी व तत्त्वचिंतक. आडनाव मोहोड, गाव अमरावती जिल्ह्यातील माधान. तान्हेपणीच डोळे गेले, म्हणून ‘प्रज्ञाचक्षू’ हे बिरुद. ग्रंथ दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, ऐकलेले स्मरणात धरायचे आणि आपले विवेचन तोंडी सांगून लिहवून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. कुणबी घरात, शाळेवाचून वाढलेल्या या माणसाने संस्कृतातही रचना केली, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानीत. कुंकू, मंगळसूत्र अशी सौभाग्यलेणी लेवून भजन करीत. हा वेष नुसती भावविवशता नव्हे, त्यामागे पक्के तत्त्वज्ञान आहे. भक्त आणि देव मुळात एकच, हे अद्वैताचे म्हणणे त्यांना पूर्ण मान्य होते. पण ऐक्य कळल्यावरही प्रेमाची गोडी भोगण्यापुरते दोनपण उरते, ते ज्ञानाला बाधत नाही, असे ते सांगत. या मताला त्यांनी ‘मधुराद्वैत’ हे नाव दिले. डार्विन, स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांच्या मतांचा परामर्शही त्यांच्या लेखनात आढळतो. अवघ्या चौतिसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या ग्रंथांच्या जतनाचे काम शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी केले.